काजळी काढायचं काम

आमच्या धर्मग्रंथात वाळवंटातल्या तंबूचं वर्णन आहे. त्या तंबूत देवापुढे दिवा ठेवलेला असे. तो भाग मला लहानपणापासून आवडतो, कारण त्यात उजेडाबद्दल फार थोडं आहे, बाकी सगळं सामान आहे. एकाच सोन्याच्या तुकड्यातून घडवलेला सात दिव्यांचा दीपवृक्ष, कुटलेल्या जैतुनांचं निर्मळ तेल, वाती नीट करायचे चिमटे, काजळी टाकायच्या ताटल्या. चिमटे आणि ताटल्यासुद्धा सोन्याच्या. याजकानं संध्याकाळी दिवे लावायचे, सकाळी येऊन साफ करायचे. देवाला दिसावं म्हणून हा खटाटोप नव्हता, त्याला दिवा कशाला लागतो? माणसानं रोज उठून तिथं जावं, म्हणून तो दिवा होता, असं मी आपलं समजत आले.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळचे अलिबागकडचे. आमच्या घरात शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत काचेच्या पेल्यात तळाशी पाणी, त्यावर तेल आणि तेलात वात, असा दिवा लागतो. घरातली बाई लावते. एकदा शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, लागला की विस्तव पेटवायचा नाही आणि पेटलेला विझवायचाही नाही. तेल संपलं की दिवा आपोआप शांत होतो. माहेरी खोबरेल असायचं. अमिरातीत आल्यावर ऑलिव्हचं, म्हणजे जैतुनाचंच तेल सहज मिळू लागलं, तेव्हा मला आपण फारच ग्रंथाप्रमाणे वागतोय असं वाटायचं. अर्थात हे सगळं घरात. बाहेर कुणी विचारलं तर ‘महाराष्ट्रीयन’ एवढ्या उत्तरावर भागायचं.

मग मंदी आली. नवरा बांधकाम कंपनीत प्लॅनिंग इंजिनिअर होता. त्याचा टॉवर अर्ध्यावर थांबला, क्रेन तशीच वर राहिली आणि याला ‘खलास, हबीबी’ म्हणून घरी पाठवलं. अबू धाबीचं, खलिफा सिटीतलं घर सोडलं. मुलीला ठाण्याला बहिणीकडे ठेवलं. मला शारजात एका क्लिनिकमध्ये ऑफिसचं काम मिळालं, म्हणून आम्ही तिथल्या रोल्ला भागात आलो. एका फ्लॅटचे प्लायवूडनं पाडलेले भाग होते, त्यातला बाल्कनीकडचा भाग आमचा. सहावा मजला.

सामान लावणं, गॅसवरची पाळी ठरवणं, बाथरूमची वेळ ठरवणं ही कामं मी दोन दिवसांत उरकली. नवरा पलंगावर पडला तो पडलाच. सुरुवातीला अर्ज पाठवायचा, फोन करायचा. नंतर दाढी बंद झाली, मग अंघोळ, मग बोलणं. ठाण्याहून मुलगी विचारायची, “मम्मा, इज डॅड स्टिल स्लीपिंग?” मी म्हणायची, दमलाय गं. तिला एकदा फोन दिला तर यानं नुसता कानाला धरला.

एका सकाळी मी डबा भरत होते. तो बाल्कनीत उभा होता, कठड्यावर दोन्ही हात ठेवून खाली बघत. मी हाक मारली तर वळला नाही. दंड धरून आत आणावं लागलं. त्या दिवसापासून बाल्कनीच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली पर्समध्ये ठेवली. क्लिनिकमध्ये काम करताना माझा हात सारखा पर्सवर जायचा. डॉक्टरांना दाखवू या म्हटलं की तो भिंतीकडे वळायचा. पुढे काय करायचं ते मला कळत नव्हतं, आणि मला न कळण्याची सवय नव्हती.

प्लायवूडच्या पलीकडे रोह्याकडचा एक माणूस राहायचा. खोर फक्कानच्या बंदरावर आधी होता, आता इथं रात्रपाळीला, म्हणून दिवसा खोलीवर असायचा. पहिल्याच शुक्रवारी त्यानं पेला पाहिला.

“वहिनी, तुम्ही शनवारतेली का ओ?”

मी पेल्याच्या आड उभी राहिले. आमच्या लोकांना कोकणात पूर्वी असंच म्हणत, तेलाचा धंदा करायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून.

“आमच्या गावात होतं एक घर,” तो म्हणाला. “शनवारी बैल पण सुट्टीवर. आमचा बाप म्हणायचा, पुढच्या जन्मी त्यांचा बैल कर रे देवा.” मग हळू म्हणाला, “घाबरू नका, नातूरला सांगत नाय.”

नातूर म्हणजे बिल्डिंगचा रखवालदार. खोलीत आग दिसली तर बाहेर काढीन, अशी त्याची ताकीद होती, आणि प्लायवूड बघता ती योग्यच होती. मी पेला पाणी भरलेल्या परातीत ठेवायची. याच शेजाऱ्याला मी सांगून ठेवलं होतं की दिवसा आमच्याकडे जरा कान ठेवा. का, ते त्यानं विचारलं नाही. “दादा चहा घेणार का?” करत तो भिंत ठोकत राहायचा.

क्लिनिकमध्ये माणसं कमी केल्यावर शुक्रवारची सुट्टी गेली. एका शुक्रवारी संध्याकाळी पेशंट संपेचनात. मी निघाले तेव्हा सूर्य गेलेला होता, मगरिबची अजान होऊन गेली होती. लग्न झाल्यापासून माझा दिवा कधी चुकला नव्हता. रस्त्यानं चालताना वाटलं, आता हेही गेलं. लिफ्ट बंद होती. जिन्यात जळकट वास आला आणि मी पळत वर गेले.

खोलीत दिवा लागलेला होता. नवरा परातीपुढे मांडी घालून बसला होता, बोटं काळी. वात त्यानं टॉवेलच्या सुतांची वळली होती, बोटाएवढी जाड. काळ्या धुराची रेघ सरळ छताला जात होती.

“केव्हा लावलास?”

“आत्ता. तू आली नाहीस.”

म्हणजे अंधार पडल्यावर, शब्बाथ लागल्यावर. असा दिवा लावणं पाप. आता तो विझवणंही पाप, वात कापणंही. माझ्या तोंडावर ते सगळं आलं होतं. पण तंबूतल्या दिव्याला ही मनाई नव्हती. तिथं शब्बाथच्या संध्याकाळीही याजक आत जाऊन दिवे लावत. लहानपणी शिकलेलं ते मला तेव्हा आठवलं, आणि मी तोंड मिटलं.

पलीकडून ठोका पडला. “दादा, कोळंबी भाजता का काय? नातूर येईल वर!”

“येऊ दे,” नवरा म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, “किल्ली दे.”

“कसली?”

“बाल्कनीची. तुझ्या पर्समध्ये असते ती. धूर कोंडलाय.”

मी पर्स छातीशी धरून उभी राहिले. त्यानं हात पुढे केला, तो काजळीनं भरलेला होता. मी किल्ली दिली.

कुलूप उघडल्यावर गरम हवा आत आली. ज्योत आडवी झाली. त्यानं झटकन मागे येऊन स्टीलचं ताट उचललं आणि वाऱ्याच्या बाजूनं आडवं धरलं. मी दारातच उभी होते, कठड्याकडे पाठ करून.

“तू अशी मधे उभी राहिलीस तर धूर जाणार कुठून?” तो म्हणाला. “सरक.”

त्यानं ताट दोन्ही हातांनी धरलं होतं. मी सरकले.