दाएंग रातेंच्या दातातली खुंटी

दाएंग राते पाओतेरे बंदराच्या धक्क्यावर मासळीचा लिलाव पुकारायचे. एका सकाळी भर बोलीत त्यांचा समोरचा दात सुटला आणि कुपा माशांच्या टोपलीत जाऊन पडला. उरलेला लिलाव त्यांनी शीळ घालत घालतच पुकारला, आणि धक्काभर हसू पिकलं. मग दात शोधून, बर्फाच्या पाण्यात धुऊन, ते मस्नियाच्या दवाखान्यात आले.

मस्निया माझी वर्गमैत्रीण. मी डेंटल कॉलेजात शिकवायला राहिले, तिने बाजाराजवळ दवाखाना थाटला. त्या दाताचं रूट कॅनल तिनेच केलं होतं. आत काचतंतूंची बारीक खुंटी, म्हणजे फायबर पोस्ट, बसवून वर कॅप चढवली होती; खुंटीसकट तीच निघून आली होती. सिमेंटच खराब निघालं असेल, असं समजून तिने नव्या सिमेंटने सगळं परत बसवलं. रमजान संपायच्या आत दात पुन्हा सुटून दाएंगांच्या हातात.

"डॉक्टरीणबाई," ते म्हणाले, "माझ्या भावाच्या होडीत लाकडी खुंट्या आहेत. खाऱ्या पाण्यात बुडून असतात, तरी हलत नाहीत. मी तर तोंडात चहाच घेतो."

ती ओशाळली. पण ते बोलत असतानाच तिने खुंटी भिंगाखाली धरली होती. खुंटी लख्ख, जणू आत्ताच पुडीतून काढलेली. सिमेंट मात्र सगळं जबड्यात उरलेल्या मुळाच्या भोकात घट्ट बसलेलं. म्हणजे दाताने सिमेंट धरलं होतं, खुंटीनेच सोडलं होतं.

दुपारी ती माझ्याकडे आली. आमच्याकडे खुंटी ओढून तिची पकड मोजायचं यंत्र होतं. काढून टाकलेले दात मिळवून आम्ही त्यांत खुंट्या बसवत गेलो, ओढत गेलो. तिला सगळ्यात आधी बारीक वाळूचा मारा करून बघायचा होता. खडबडीत झालं की धरेल, हा सरळ हिशेब. धरलंही बरं. पण सूक्ष्मदर्शकाखाली खुंटी पाहिली तर तंतू तुटून विस्कटले होते, गळक्या छपराच्या झावळीसारखे.

"ही धरेल, पण आतून मोडेल," मस्निया म्हणाली. "रोग बरा नि रोगी गार."

मग सिलेन. या पातळ औषधाचं एक टोक काच धरतं, दुसरं सिमेंट. आम्ही मोठ्या आशेने ते लावलं. फरक जेमतेम. त्याने मस्निया फारच चिडली. दोन दिवस तिचा फोन नाही. मग भल्या सकाळी दारात उभी.

"अगं, ते काच धरतं ना? पण काच वर आहेच कुठे? तंतूंवर त्यांना बांधणाऱ्या रेझिनचं कातडं आहे. आपण बुरख्यावरूनच मुका घेतोय."

मी हसले, पण मुद्दा बिनतोड होता. कातडं विरघळवायला हायड्रोजन पेरॉक्साइड घेतलं. खुंट्या त्यात भिजवल्या, धुतल्या, सुकवल्या. सूक्ष्मदर्शकाखाली तंतू उघडे, अखंड, शेजारीशेजारी निजलेले. मग सिलेन, मग सिमेंट. यंत्र ओढत राहिलं, काटा चढत राहिला, आणि या खेपेला खुंटी सुटली ती सिमेंट अंगाला घेऊनच. मस्निया ती सिमेंटाने माखलेली खुंटी कितीतरी वेळ बोटांत फिरवत बसली.

तरी दाएंगांना खुर्चीत बसवताना तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. प्रयोगशाळेतल्या दातांना तोंड नसतं, ती म्हणाली. लाळ नसते, चावणं नसतं. खुंटी दातात घालून बघितल्यावर ती पुन्हा स्पिरिटने पुसायचीही तिने खबरदारी घेतली. पूर्वी हे ती घाईत विसरायची. दाएंगांनी मात्र अट घातली: पडला तर लिलाव तुम्ही पुकारायचा.

वर्ष उलटून गेलं. एके दिवशी ते गाल धरून आले, रागाने लाल. ईदच्या जेवणात कोन्रोचं, म्हणजे बरगड्यांच्या रश्श्यातलं, हाड चावताना कॅपचा कोपरा उडाला होता. मस्नियाने चिमट्याने कॅप हलवून बघितली. हलेना. जोर लावला, तरी हलेना. तिने मला लगेच फोन लावला आणि तिकडून मला दाएंगांचा आवाज ऐकू आला:

"माझा दात फुटलाय, आणि या बाई हसतायत."