गाभ्यापासूनचं अंतर

पनवेलच्या आमच्या शेडमधला मनोरा तीन मजली होता. वर भट्टी, खाली फिरकी. मनगटाएवढी काचेची कांडी वरून हळूहळू सोडायची आणि खाली प्रकाश वाहून नेणारी केसाएवढी काचेची तार गुंडाळून घ्यायची. कांडीची रचना मी संगणकावर करायचे. ती घडवणं आणि ओढणं शेडमधल्या जुन्या कारागिराकडे, सगळ्यांच्या काकांकडे. काका उरणकडचे, मिठागरवाल्या घरातले, माझ्याहून बारा वर्षांनी मोठे.

आमची तार साधी नव्हती. साध्या तारेत प्रकाश शिरताना एका दिशेनं थरथरत असतो आणि बाहेर पडेपर्यंत ती दिशा विसरतो. आम्हाला न विसरणारी तार हवी होती. त्यासाठी मधल्या गाभ्याच्या दोन बाजूंना बोरॉन मिसळलेल्या काचेचे जाड रॉड घालतात. थंड होताना ते जास्त आकसतात आणि गाभ्याला दोन्हीकडून ताणून धरतात. या पकडीमुळे प्रकाशाची दिशा टिकते. सूक्ष्मदर्शकाखाली तारेचं तोंड पांडासारखं दिसतं, म्हणून तिला पांडा म्हणतात.

"पांडा कुठला मॅडम," काका पहिल्याच दिवशी म्हणाले, "घुबड हाय ह्ये!"

तेव्हापासून सगळी शेड घुबडच म्हणायची. माझ्या याद्यांतही घुबड एक, घुबड दोन असंच लिहिलेलं आहे.

अडचण एकच होती. रॉड जवळ आणले तर पकड घट्ट, पण बोरॉन प्रकाश गिळतो. लांब नेले तर प्रकाश पोचतो, पण पकड सुटते. दोन्ही साधणारी तार मला त्याच मनोऱ्यावर, काकांच्या हातून ओढून हवी होती. आणि वेळ संपत आला होता. शेड बंद होणार, काम दुसऱ्या राज्यात जाणार, काका निवृत्त होणार. कांडी एकच उरली होती.

तिच्यासाठी मी एकोणीस कलमांची यादी केली. सातवं कलम: रॉडची आतली कड गाभ्यापासून किती लांब. आकडा दिला. मला गाभ्याचा मध्य अभिप्रेत होता. काकांनी गाभ्याच्या कडेपासून मोजलं, म्हणून रॉड लांब पडले. तार ओढून झाल्यावर चाचणीत कळलं. प्रकाश कधी नव्हता इतका पोचला होता, पकड मात्र ढिली.

"काका, मध्यापासून मोजायचं होतं."

"मंग तसं लिवायचं ना. शेजारी किती लांब हाय ते त्याच्या बांधापासनं मोजतात. त्याच्या चुलीपासनं कोन मोजतो?"

"एकोणीस कलमं लिहिली मी!"

"वीस लिवायची व्हती."

मी हसले. मग डोळे भरून आले, म्हणून रजिस्टर शोधायच्या निमित्तानं आत गेले.

उत्तर त्या चुकीतच होतं. रॉडची आतली कड काकांनी ठेवली तिथेच ठेवायची आणि रॉड बाहेरच्या बाजूनं जाड करायचे. पकड परत येते, बोरॉन लांबच राहतो. आठवड्यात रचना तयार झाली. तोवर मनोऱ्याचे नट खोलायला माणसं आली होती.

पुढच्या वर्षी त्या रचनेची तार दुसऱ्या राज्यातल्या नव्या कारखान्यात ओढली. मी घरून आराखडा पाठवला, मोजायची जागा बाण काढून दाखवली. एका मंगळवारी मेलवर अहवाल आला. प्रकाशाची गळती कमी, पकड घट्ट. आकडे तीनदा ताडून पाहिले. बरोबर होते.

मला शेड आठवली. तार जमली की काका पहिला तुकडा मोडून माझ्या तळहातावर ठेवायचे. वजनच नसायचं त्याला. "धरा, उडंल," म्हणायचे. भट्टीची धग पाठीवर, थर्मासमधला अतिगोड चहा, शिडीवरून त्यांनी खाली मारलेली हाक. उरण रस्त्यानं जाताना अजून माझी मान शेडच्या बाजूला वळते. तिथे आता गोदाम आहे.

काकांना फोन लावला. ते हल्ली उरणजवळच्या मोरा बंदराच्या धक्क्यावर बसलेले असतात.

"जमलं, काका. दोन्ही जमलं."

"आं? परकाश बी आनि पकड बी?"

"दोन्ही."

"आता माज्या चुकीला पगारवाढ द्या म्हनावं!" ते मोठ्यानं हसले. मग विचारलं, "ओढली कोनी?"

"माहीत नाही. अहवालात नाव नाही."

"तुमी व्हता तितं?"

"नाही."

मागे लाँचचा भोंगा वाजला. तो थांबल्यावर काका म्हणाले,

"मंग मजा नाय आली तुमाला."

"नाही आली," मी म्हणाले.