आईच्या गप्प बसण्याची जागा

नाटकाच्या पानावर चार बोटं कोरी सोडली की लोकांच्या पोटात का दुखतं, देव जाणे.

मी तेव्हा मंगळवार पेठेतल्या एका छापखान्यात कॉम्प्युटरवर अक्षरजुळणी करायचे. मजकुरातच आज्ञा लिहायच्या. दोन संवादांत किती अंतर सोडायचं ते त्या आज्ञा ठरवणार. दोन हजार सालाच्या पुढंमागं मी एक एकांकिका लिहिली आणि जुळवलीही मीच. गोष्ट घरचीच होती. मी दहावीत असताना चुलत्यांनी शाहूवाडीचं स्थळ आणलं आणि पावण्यांदेखत आईला विचारलं, पोरगी देणार न्हवं? आई बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, न्हाय. त्या एका शब्दावर मी पुढं शिकले.

त्या गप्प बसण्यासाठी मी वेगळी आज्ञा केली: इथं अर्धं पान कोरं. एकांकिका बसवणारे दिग्दर्शक कॉलेजात शिकवायचे. ते वैतागले. कंसात 'शांतता' लिहा आणि मोकळ्या व्हा, म्हणाले. मी म्हटलं, कंस नट वाचतात आणि पुढं पळतात. लिहिणार नाही, जा.

प्रती छापून आल्या आणि माझं डोकंच फिरलं. कोरी जागा पानाच्या अगदी वरती आली, की जुळणीचं सॉफ्टवेअर ती गिळून टाकायचं. आईचं गप्प बसणं नेमकं नव्या पानाच्या डोक्यावर आलं होतं. तालमीत नटीनं पान उलटलं आणि ताडकन "न्हाय" म्हणून मोकळी झाली. दिग्दर्शक खूश. काय ठसका आहे, असंच ठेवायचं, म्हणाले.

आई तालीम बघायला आली होती. मागच्या बाकावरून ती म्हणाली, "एवढ्या लवकर न्हाय आलं तोंडातनं. भ्या वाटलतं की मला."

हे तिनं मला कधीच सांगितलं नव्हतं. मला रडूही आलं आणि संतापही.

मी दिग्दर्शकांना सांगितलं, जागा राहील, नाहीतर नाटक माझ्याबरोबर घरी येईल. लोक छपाईची चूक समजतील, ते म्हणाले. समजू देत की! पानाच्या डोक्यावरही जागा हलणार नाही, अशी आज्ञा बदलली आणि प्रती पुन्हा काढल्या.

घरी ते पान उघडून आईपुढं धरलं. तिला वाचता येत नव्हतं. कोऱ्या जागेवर तिनं तळवा ठेवला. तो पुरेना, तेव्हा दुसराही ठेवला.

"हां," म्हणाली, "एवढा येळ लागलता."