तारेनं बांधलेलं दार

मी उमरीचा. जहाजाच्या इंजिन रूममध्ये ऑइलर होतो, यंत्रांना तेलपाणी करणारा. तिथं उदगीरचे एक चाचा होते, माझ्या वडिलांच्या वयाचे. अख्ख्या जहाजावर मराठी बोलणारे आम्ही दोघंच.

कचरा जाळायची भट्टी चाचांकडं होती. तेलकट चिंध्या, खोकी, पुठ्ठे तिच्यात जायचे. आत जाळ असताना दार उघडू नये म्हणून दाराला एक स्विच असतो. आमच्या भट्टीचा स्विच बिघडला होता आणि कुणीतरी आधीच तो तारेनं बांधून ठेवला होता, त्यामुळं जाळ असतानाही दार उघडायचं. चाचांनी चीफ इंजिनीअरला दोनदा सांगितलं. "पुढच्या बंदरात बघू," एवढंच उत्तर मिळायचं.

त्या दिवशी घाई होती. बंदर जवळ आलं होतं, आणि किनाऱ्याजवळ भट्टी पेटवायला बंदी. एरवी चाचा प्रत्येक पोतं ओतून चिवडायचे. बॅटरी, लायटर, स्प्रेचे डबे बाजूला काढायचे. त्या दिवशी शेवटची पोती तशीच गेली. एक पोतं अर्धवट अडकलं म्हणून त्यांनी दार उघडलं. वाफेनं धुरकटलेली तोंडावरची जाळापासून वाचवणारी काच त्यांनी तेवढ्यापुरती वर केली होती.

पोत्यात राहिलेला दाढीच्या फेसाचा डबा फुटला. जाळ बाहेर आला.

मी बंद करायचं बटण दाबलं, त्यांना मागं ओढलं आणि तोंडावर गार पाणी धरलं. डोळे मिटलेलेच होते. म्हणाले, "बेटा, तुला तर लागलं न्हाई ना?"

"न्हाई चाचा. तुम्ही बोलू नका."

बंदरात त्यांना दवाखान्यात उतरवलं. जहाज पुढं निघालं. समुद्रात गेल्यावर चीफनं भट्टी मला सांभाळायला सांगितली. मी म्हणालो, "साहेब, तार काढल्याशिवाय मी पेटवणार नाही." मला वाटलं, आता ओरडतील. पण ते पक्कड घेऊन स्वतः खाली आले आणि त्यांनी तार तोडली. नवा स्विच येईपर्यंत भट्टी थंड होती. कचरा पिंपांत भरून पुढच्या बंदरावर उतरवला.

सुट्टीत मी उदगीरला गेलो. चाचांचा डावा डोळा गेला होता, गालाची कातडी ओढली गेली होती. चाची म्हणाल्या, "चूल पेटली की हे उठून बाहेर जातेत." चाचा हसले.

"आता काय करायलास तू?"

"परत चाललो जहाजावर."

ते म्हणाले, "जा. पण घाई करायला लावली तर न्हाई म्हण. मला म्हणता आलं न्हाई."

मला सोडायला ते बसस्टँडपर्यंत चालत आले. रस्त्यावर गर्दी होती. मी त्यांच्या डाव्या अंगानं चालत राहिलो.