मोत्यांमध्ये लपलेले ठिपके

माझ्या सासऱ्यांचं केस कापायचं दुकान आमच्या घराच्या खालीच होतं. समोरच्या भिंतीवर लांबलचक आरसा आणि पाठीमागच्या भिंतीला जवळजवळ तेवढीच लांब माशांची टाकी. खुर्चीत बसलेल्या माणसाला आरशात आधी स्वतःचं तोंड दिसायचं, मग कानामागून निघून डोक्यावरून संथपणे जाणारे मासे. गळ्याभोवती पांढरं कापड आलं, कात्रीची किचकिच सुरू झाली आणि मागे पंपाचे बुडबुडे ऐकू येऊ लागले, की भले भले पेंगायला लागत. मामंजी हलक्या हाताने त्यांची मान सरळ करायचे आणि काम चालू ठेवायचे.

"झोपलेलं गिऱ्हाईक सगळ्यात चांगलं," ते म्हणायचे. "हलत नाही आणि राजकारणावर बोलत नाही."

टाकीत निळ्या पट्ट्यांच्या टेट्रा माशांचा थवा होता आणि तळाशी वाळू उकरत फिरणारे मिशीवाले कॅटफिश. इतकी वर्षं दुकानात राहून एकानेही मिशी कोरून घेतली नाही, अशी मामंजींची तक्रार होती. पण त्यांची काळजी ते पोटच्या पोरासारखी घ्यायचे. सुट्टीच्या दिवशी नळीने तळाची घाण ओढून काढायची आणि थोडं पाणी बदलायचं. नवं पाणी कोपर बुडवून पाहायचं, बाळाच्या आंघोळीचं पाहतात तसं. खाणं अगदी चिमूटभर. आणि एक नियम तर अगदी कडक होता. नवा मासा आला की तो आधी मागच्या खोलीतल्या छोट्या टाकीत काही आठवडे एकटा राहणार. त्याची जाळी वेगळी, बादली वेगळी. तो खातोय, नीट पोहतोय, अंगावर काही उठत नाहीये, याची खात्री पटली की मगच मोठ्या टाकीत.

"सून आणताना एवढी चौकशी केली नव्हती," सासूबाई माझ्यासमोरच म्हणायच्या.

"सुनेने सगळ्या घराला रोग लावला नसता," मामंजी म्हणायचे, आणि मी चहाचे कप उचलून हसत वर जायची.

हा नियम त्यांनी एकदाच मोडला.

आमच्या भागातले जुने पोस्टमन निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. बायको गेली, गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा मुलीने त्यांना आपल्याकडे, दूरच्या शहरात न्यायचं ठरवलं. तिच्या घरात टाकीला जागा नव्हती. जाण्याच्या दिवशी सकाळी ते दुकानात आले. हातात झाकण लावलेली बादली, आणि बादलीत त्यांची मोती गुरामी माशांची जोडी. तपकिरी अंगावर मोत्यांची बारीक नक्षी, नराच्या गळ्यावर केशरी छटा, आणि पुढे दोन लांब दोऱ्यांसारख्या मिशा, ज्यांनी ते अंधारात चाचपडणाऱ्या माणसासारखे काच, पानं, एकमेकांना हात लावून पाहत.

"तुमच्याशिवाय कुणाला देणार?" पोस्टमन म्हणाले. "जाण्याआधी एकदा त्यांना त्या मोठ्या पाण्यात पोहताना बघतो. म्हणजे डोळे मिटले तरी मला दिसत राहतील."

मामंजींनी मागच्या खोलीकडे पाहिलं. मी जिन्यापाशीच उभी होते, मला त्यांची घालमेल दिसत होती. बाहेर गाडी उभी होती, मुलगी हाका मारत होती. त्यांच्याने त्या माणसाचं मन मोडवेना. त्यांनी बादलीतल्या पाण्यात टाकीतलं पाणी थोडं थोडं मिसळलं आणि मग जोडी अलगद आत सोडली.

गुरामी बाहेर आले आणि हिरव्या पानांमधून असे तरंगत गेले की जणू त्यांना घाई हा शब्दच माहीत नाही. पोस्टमन काचेला नाक लावून उभे राहिले. मग वळले आणि गाडीत जाऊन बसले.

काही दिवसांनी एका गिऱ्हाइकाने आरशात बघत विचारलं, "तुमच्या माशांवर मीठ सांडलंय का हो?"

मामंजी वस्तरा हातात घेऊन तसेच टाकीकडे वळले. टेट्रांच्या परांवर पांढरे बारीक दाणे उठले होते. कॅटफिश वाळूवर अंग घासत होते. ठिपक्यांचा रोग. गुरामींकडे त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं, तेव्हा कुठे कळलं. त्यांच्या अंगावरही ते होते, पण मोत्यांमध्ये मोती होऊन लपलेले.

मामंजींचा चेहरा पडला. त्यांनी गिऱ्हाइकाची दाढी पुरी केली, कापड झटकलं, आणि मला म्हणाले, "शोभेच्या माशांच्या दुकानातल्या बाईंना विचारून औषध आण. मी इथून हलत नाही."

त्या बाई गंभीर तोंडाच्या आणि मोजकं बोलणाऱ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "टेट्रा आणि कॅटफिश नाजूक असतात, त्यांना औषध निम्मंच," त्या म्हणाल्या. "पाणी हळूहळू गरम करा, एकदम नाही. गरम पाण्यात हवा कमी राहते, म्हणून पंप वाढवा. फिल्टरमधला कोळसा काढून ठेवा, नाहीतर तो औषधच शोषून घेईल. आणि ठिपके गेले म्हणून थांबू नका. ते मरून जात नाहीत, गळून खाली वाळूत पडतात. तिथे एकाचे शेकडो होतात आणि पोहत वर येतात, नवा मासा शोधत. औषध त्यांच्यावर चालतं ते तेव्हाच."

औषध घातलं आणि टाकीतलं पाणी निळसर झालं. दुकानही निळं झालं. आरसा, पांढरी कापडं, भिंतीवरचे टॉवेल, खुर्चीतल्या माणसांचे चेहरे, सगळ्यांवर तो रंग चढला. वाढवलेल्या पंपाचा आवाज पावसासारखा येत राहायचा. माशांना त्रास नको म्हणून मामंजींनी टाकीवरचा दिवा बंद केला होता. लोक आपोआप हळू बोलायला लागले. कुणी आत आलं की दारातच विचारायचं, "आज कसं आहे?" आणि मामंजी मान हलवायचे, कधी वर-खाली, कधी आडवी.

रोज थोडे टेट्रा जात होते. मामंजी मेलेले जाळीने काढत, वाळूतला गाळ ओढून घेत, तेवढंच ऊबदार पाणी परत भरत. दुपारी दुकान रिकामं असलं की स्वतःच्याच खुर्चीत त्यांचा डोळा लागायचा. एकदा मी चहा घेऊन गेले तर ते दचकून उठले.

"मी टाकीच्या आत होतो," ते म्हणाले. "अंगभर पावडर सांडली होती. झटकत होतो, झटकत होतो, पण जातच नव्हती. आणि बाहेरून तुम्ही सगळे माझ्याकडे बघत होता. पण कुणी काचेवर टकटक केली नाही, ते बरं वाटलं."

सासूबाई मात्र चिडल्या होत्या. "सरळ सांगायचं होतं त्यांना, आधी मागच्या टाकीत ठेवतो म्हणून. दोन मिनिटं वाईट वाटलं असतं, बस."

"हो," मामंजी म्हणाले. "तेवढंच सांगायचं होतं." पुढे बरेच दिवस त्यांनी गुरामींकडे नीट पाहिलंही नाही. त्यांना खाणं घालताना नजर दुसरीकडे.

मग ठिपके गेले. टेट्रांचे पर काचेसारखे स्वच्छ दिसायला लागले. "झालं ना? काढा आता ते निळं," सासूबाई म्हणाल्या. पण मामंजींनी बाईंचा शब्द मोडला नाही. ते वाळूकडे बोट दाखवत म्हणाले, "आता खरं काम तिथे चाललंय."

त्याच दिवसांत पोस्टमनचा फोन आला. मी उचलला आणि मामंजींच्या कानाला लावला, त्यांच्या हाताला फेस होता. आवाज एवढा मोठा की मलाही ऐकू येत होता.

"माझी दोघं काय म्हणतात?"

मामंजींनी टाकीकडे पाहिलं. मग ते शांतपणे म्हणाले, "तुमची दोघं बरी आहेत. पण येताना त्यांच्याबरोबर रोग आला होता. माझे निम्मेअधिक टेट्रा गेले. चूक माझी. मी त्यांना वेगळं ठेवायला हवं होतं."

"शेवटी शेवटी ते दगडांना अंग घासायचे," पोस्टमन म्हणाले. "सामान बांधायच्या गडबडीत टाकीतला हीटर बंद पडला होता, तोही मी बघितला नाही. मला वाटलं, त्यांना कळलंय. घराला हात लावून निरोप घेताहेत."

मामंजींनी डोळे मिटले. फेस वाळत चालला होता, खुर्चीतलं गिऱ्हाईक निमूट बसलं होतं.

"मलाही तसंच वाटलं असतं," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी त्यांनी पहिल्यांदा गुरामींसमोर स्टूल ओढलं आणि बसून राहिले. मादी काचेपाशी आली. तिची दोऱ्यासारखी मिशी त्यांच्या बोटासमोर थांबली, मग पुढे सरकली.

औषधाचे दिवस संपले, कोळसा फिल्टरमध्ये परत गेला, आणि निळा रंग सकाळी विरणाऱ्या धुक्यासारखा हळूहळू निघून गेला. उरलेले टेट्रा पुन्हा थवा करून फिरू लागले, थवा लहान होता इतकंच. थंडी संपता संपता नर गुरामीने तरंगत्या पानाखाली बुडबुड्यांचं घरटं बांधायला घेतलं. एकेक बुडबुडा तोंडातून सोडायचा, मागे सरून बघायचा, पुन्हा सोडायचा.

मामंजींनी पोस्टमनना फोन लावला. "या जरा," ते म्हणाले. "तुमच्याकडे बाळंतपणाची तयारी चालली आहे."

पोस्टमन आले तेव्हा काठी टेकत आले, आणि सरळ टाकीपाशी गेले. घरट्याखाली लोंबकळणारी, डोळ्यांना जेमतेम दिसणारी पिल्लं नर तोंडाने उचलून परत बुडबुड्यांत ठेवत होता. दोन्ही म्हातारे शेजारी शेजारी वाकून बघत होते. रांगेतल्या गिऱ्हाइकांपैकी कुणी घाई केली नाही.

"पिल्लांना वेगळ्या टाकीत ठेवायला लागेल," पोस्टमन म्हणाले.

"मागच्या खोलीतली तयार आहे," मामंजी म्हणाले. "पाणी तेवढं तुम्ही बघा. कोपर बुडवून."

पोस्टमननी शर्टाची बाही वर सरकवली आणि मागच्या खोलीकडे निघाले.