प्री निघाल्याचा फ्लेक्स

आमच्या गावात तिला कलेक्टरची परीक्षा म्हणतात. खरं नाव इंग्रजीत आहे, ते मला पाठ होत नाही. मी चौथी शिकले. परीक्षा म्हणजे बसायचं, लिहायचं आणि निकालाच्या दिवशी पास किंवा नापास ऐकायचं, एवढंच मला ठाऊक होतं.

आम्ही चाकणच्या बाजूचे. अर्धं रान कंपन्यांना गेलं, उरलेल्यात कांदा करतो. मुलगा कंपनीत शिफ्टला जातो. नात इंजिनियर झाली, भोसरीत नोकरीला लागली आणि एक दिवस नोकरी सोडून या परीक्षेला बसते म्हणाली. सकाळी बसने संत तुकाराम नगरच्या अभ्यासिकेत जायची, दिवेलागणीनंतर यायची. दोनदा परीक्षा दिली, दोनदा पहिल्याच पायरीवरून परत आली. तिसऱ्या वेळी मुलगा जेवताना म्हणाला, "बाळा, ही शेवटची. नाही झालं तर स्थळं बघायची."

"बरं," ती म्हणाली आणि ताट उचलून गेली.

त्या वर्षी पहिल्या पेपराला मुलाची शिफ्ट होती, म्हणून मी तिच्याबरोबर गेले. पिंपरीतली एक शाळा होती. फाटकाबाहेर ही गर्दी. पोरं, पोरी, दाढीत पांढरे केस आलेले बाप्ये, तान्हं मूल आईच्या हातात देऊन आत जाणारी एक बाई. मी यात्रेची गर्दी पाहिली आहे, रेशनची पाहिली आहे, चाकणच्या बाजारातली तर आयुष्यभर पाहिली. गर्दी म्हटली की आवाज आलाच. या गर्दीला आवाज नव्हता. ज्याच्या त्याच्या हातात पाण्याची बाटली, एक कागद, आणि ओठ मिटलेले.

वेळ झाली तशी वॉचमनने फाटक लावलं. त्यानंतर एक पोरगा हेल्मेट हातात घेऊन पळत आला. मला वाटलं आता शिव्या देईल, फाटक हलवेल, कुणाला तरी फोन लावेल. आमच्याकडे असंच करतात. त्याने गजातून आत पाहिलं, वॉचमनने मान हलवली, आणि तो परत फिरला. त्याचं वर्ष फाटकाच्या आत राहिलं आणि तो गाडीला किक मारून गेला. ही कसली परीक्षा, की जिच्यापुढे माणूस भांडतसुद्धा नाही?

दोन पेपरांच्या मधे नात बाहेर आली. मी डबा उघडला.

"सोपा व्हता का?"

"माहीत नाही आजी. चुकलं की मार्क कापतात."

"म्हंजे भोपळा देत्यात."

"नाही गं. बरोबर आलेल्यातून कापतात."

"मंग न्हाई येत ते सोडून द्यायचं की."

"तेच तर अवघड आहे. आपल्याला काय येत नाही ते कळायला पाहिजे ना."

ती धपाटं खात होती आणि मी विचार करत होते. आमच्या अख्ख्या भावकीत आपल्याला काय येत नाही हे कळणारा एक माणूस नाही. त्या परीक्षेला बसवले तर सगळे उणे मार्क घेऊन घरी येतील.

निकाल लागला तेव्हा ती अभ्यासिकेत होती. तिने आईला फोन करून सांगितलं, "प्री निघाली." सून अंगणात येऊन म्हणाली, "निघाली, निघाली." मी म्हटलं, पास झाली. शेजारणीला सांगितलं, शेजारणीने तिच्या मुलाला, आणि तासाभरात ते माझ्या पुतण्याला कळलं. हा पुतण्या प्लॉटिंगचा धंदा करतो. त्याच्या कुत्र्याचा वाढदिवस असला तरी वेशीवर फ्लेक्स लागतो.

दुसऱ्या दिवशी वेशीवर घराएवढा फ्लेक्स उभा राहिला. मधे नात, कॉलेजातल्या निरोपाच्या कार्यक्रमाची साडी नेसलेली. तिच्या मागे लाल दिव्याची गाडी. वर पुढाऱ्यांची रांग, खाली गॉगल घातलेल्या शुभेच्छुकांची. आणि अक्षरं अशी, की मला चष्म्याशिवाय वाचता आली: आमच्या गावची लेक कलेक्टर झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.

मी ते दोनदा वाचलं. छाती भरून आली, खोटं कशाला सांगू.

नात संध्याकाळी बसमधून उतरली ती त्याच्या खालीच. घरी आली तेव्हा पुतण्या पेढे खात बसला होता.

"काका, तो फ्लेक्स उतरवा."

"का गं? फोटो बरा न्हाई आला?"

"मी कलेक्टर नाही झाले. ही पहिली पायरी आहे. अजून दोन आहेत."

"होशीलच की. आमी जरा आधी लावला."

"काका, उतरवा."

"आता कसा उतरवू? वर कोणाकोणाचे फोटू हायेत बघितलंस का? त्यांनी इचारलं, आमाला का खाली घेतलं, तर काय सांगू?"

फ्लेक्स काही उतरला नाही. नात ओसरीवर येऊन माझ्याजवळ बसली. मी कांदा निवडत होते. बारका गोल्टीत, जुळा एकीकडे, सडका बाहेर.

"आजी, तुला तरी कळू दे," ती म्हणाली. "हे तू करतेस ना, तशी प्री. लाखो बसतात, त्यातले थोडे वेगळे काढतात."

"मंग वजनाचा काटा?"

"काटा पुढे. त्याला मेन्स म्हणतात. नऊ पेपर, सगळे हाताने लिहायचे. त्यात जे टिकतात त्यांना दिल्लीला बोलावतात आणि समोर बसवून प्रश्न विचारतात."

"म्हंजे व्यापारी कांदा हातात घेऊन फोडून बघतो, तसं."

"तसंच. मग सगळ्या देशाची यादी लागते."

"आणि आत्ता तुला पडले ते मार्क? ते धरतील ना?"

"नाही. ते फक्त आत जाण्यापुरते. आत गेलं की संपले."

मी हातातला कांदा खाली ठेवला. बाजारात कांदा निवडला तर निदान मजुरी मिळते. इथे एवढा अभ्यास करून नुसतं फाटक उघडतं, आणि गाठीला काही राहत नाही. असं कुणी ठरवलं असेल, आणि लाखो पोरं ते निमूट मान्य करतात, याचं मला नवल वाटलं. पुढचे बरेच दिवस ते वाटत राहिलं.

"त्या पेपरात इचारत्यात तरी काय?" मी म्हटलं.

तिने पिशवीतून एक जुना प्रश्न काढला आणि मला समजेल असा सांगितला. तुम्ही जिल्ह्याच्या अधिकारी आहात. कारखान्यासाठी जमीन घ्यायची आहे. सगळ्यांनी सह्या केल्या, एक म्हातारी हलायला तयार नाही. कारखाना आला तर तालुक्यातल्या पोरांना काम मिळणार आहे. वरून घाई आहे. तुम्ही काय कराल?

आमचं रान गेलं तेव्हा एक साहेब आला होता. बांधावर उभ्या उभ्या बोलला आणि बुटाची माती झटकून गाडीत बसला. माझी सासू त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहिली, तो तिच्या हातातच राहिला. त्या साहेबालाही हा प्रश्न आला असेल? त्याने काय लिहिलं असेल?

"तू काय करशील सांग," नात म्हणाली.

"म्हातारीला तिथंच ऱ्हाऊ देईन. कारखाना दुसरीकडं न्या म्हनंन."

"आणि ज्यांनी सह्या केल्या ते? त्यांच्या पोरांना नोकरी पाहिजे. तुझ्या मुलाला तिथंच लागली ना?"

मग ती बोलायला लागली. कायदा काय सांगतो, म्हातारीचं भय नेमकं कशाचं आहे ते आधी कसं विचारायचं, बदली जमीन कशी, सही केलेल्यांचं काय चुकत नाही, वरच्या साहेबाला काय कळवायचं. म्हातारीची बाजू तिने माझ्यापेक्षा चांगली मांडली, आणि मग समोरच्याचीही तितकीच चांगली. हे सगळं एका पानात, काही मिनिटांत लिहायचं आणि लगेच पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. मी त्या प्रकरणात अर्धं आयुष्य एकाच बाजूला बसून काढलं होतं.

फ्लेक्स बघून खेडच्या बाजूचं एक स्थळ आलं. मुलाच्या बापाने चहा घेता घेता विचारलं, "ताईंना पोस्टिंग कुठं मिळतंय?" माझा मुलगा म्हणाला, अजून परीक्षा आहे. ते म्हणाले, थांबतो.

मेन्सला ती मुंबईला मामीकडे राहिली. परत आली तेव्हा उजवं मनगट सुजलं होतं. भाकरी डाव्या हाताने मोडत होती.

पुढचा निकाल लागला. यादीत तिचा नंबर नव्हता.

मुलगा शिफ्टवरून आला, हातपाय धुतले आणि खुर्चीत बसला. "ठरलं होतं," तो म्हणाला.

"हो," नात म्हणाली. "पण मला अजून एकदा द्यायची आहे."

"आता प्री तरी नको ना द्यायला? ती निघाली होती."

"द्यावी लागते. पुन्हा पहिल्यापासून."

"मागचं काहीच धरत नाहीत?"

"नाही, पप्पा."

"मग हा काय न्याय झाला? आणि तुला सगळं माहीत असून पुन्हा जायचंय?"

"हो."

तो माझ्याकडे वळला. त्याला वाटलं मी त्याच्या बाजूने बोलेन. घरात लग्नाची घाई मलाच जास्त होती.

"तिला बसू दे," मी म्हटलं.

"आई, तुला त्यातलं काय कळतं?"

"सगळं कळतं. पैली निवड, मंग काटा, मंग फोडून बघत्यात. ही काट्यापत्तुर जाऊन आली. तू अभ्यासिकेची पायरी तरी बघितलीस का? मी फाटक बघितलंय. तितनं माघारी येऊन परत जाते म्हननारं मानूस मी तरी दुसरं पाह्यलं न्हाई."

"आणि स्थळाला काय सांगू?"

"ते मी सांगते."

खेडच्या बाजूला मीच गेले. मुलाच्या बापाला म्हटलं, आमची पोरगी कलेक्टर नाही, परत परीक्षेला बसते आहे, तुम्ही थांबू नका.

"मग बोर्ड कशाला लावला?" तो म्हणाला.

"आमाला परीक्षा कळली नव्हती म्हनून."

त्याने चहा विचारला नाही. बरोबरच होतं त्याचं.

पावसाळ्याआधी वाऱ्याने फ्लेक्स फाटला, तेव्हा मी पुतण्याकडून तो मागून आणला. असले फ्लेक्स आम्ही कांद्याच्या चाळीवर टाकतो, पाणी आत जात नाही. नातीचा फोटो मी कापून बाजूला ठेवला, दिव्याच्या गाडीसकट. गाडीचं माझं काही म्हणणं नाही, पण कलेक्टर हा शब्द मी त्यात येऊ दिला नाही. पुढाऱ्यांची पट्टी जाड होती, ती घडी घालून पिशवीत घातली.

पुढच्या वेळी केंद्र वेगळ्या शाळेत आलं. नात आत गेली, फाटक लागलं. मी फुटपाथवर पुढाऱ्यांची पट्टी पसरून तिच्यावर बसले. शेजारी एक बाई उभी होती, साताऱ्याकडची असावी, मुलीला सोडायला आलेली. तिचे हात सारखे पदराशी चाळा करत होते.

"आज झालं की झाली ना हो कलेक्टर?" तिने विचारलं.

मी सरकून तिला जागा केली.

"बसा," मी म्हटलं. "दिवस मोठा हाय. सांगते."