तीन नंबरच्या लाइनवरचं पत्र

सोपानराव बावीस वर्षं 'हजेरी' नावाचं साप्ताहिक काढत होते आणि एवढ्या वर्षांत त्यांना कुणी भित्रा म्हटलं नव्हतं. धमकीचा फोन आला, की ते शांतपणे समोरच्याचं नाव आणि हुद्दा विचारायचे, छापायला लागतो म्हणून. निगडीच्या बस टर्मिनसमागे एका गाळ्यात त्यांचं ऑफिस. शटरवर दोनदा दगड पडले, दोन्ही वेळा त्यांनी दगडाचा फोटो पहिल्या पानावर घेतला. असा हा गडी महापालिकेच्या निवडणुकीला उभा राहिला आणि तिसऱ्याच आठवड्यात भीतीनं त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

माणूस मूळचा लातूरकडचा. विसाव्या वर्षी भोसरीत टर्नर म्हणून लागला. कंपनीला टाळं लागलं तेव्हा चिंचवडच्या एका छापखान्यात प्रुफं तपासायला बसला. चार वर्षं लोकांच्या लग्नपत्रिका वाचून कंटाळला आणि स्वतःचं चार पानी पत्र काढून मोकळा झाला. अंक बुधवारी निघायचा, कारण गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, वाचायला फुरसत. वाचणारे आधी तिसरं पान उघडायचे. तिथं कामगारांची पत्रं असत.

या पत्रांचा नियम कडक होता. लिहिणाऱ्यानं खाली नाव आणि गेटपासचा नंबर घालायचाच. सोपानराव स्वतः जाऊन खात्री करायचे. छापताना मात्र नाव, कंपनी, लाइन, वार, सगळं लाल पेनानं उडवायचे. शेजारच्या मशीनवरच्या माणसालाही कळता कामा नये, हे पत्र कुणाचं. बावीस वर्षांत एकही माणूस ओळखू आला नाही आणि सोपानरावांना खरा अभिमान होता तो याचा.

मग समाजवादी विचारांच्या एका छोट्या पक्षाला वॉर्डात उमेदवार मिळेना, तेव्हा मंडळी यांच्याकडे आली. बायको मंजुळाबाई तेव्हाच म्हणाली, "तुमाला लिवता येतं. बोलायचं तुमचं काम न्हाई." पण इतकी वर्षं दुसऱ्यांची भाषणं छापलेल्या माणसाला एकदा स्वतःचं ऐकवायचं होतं. त्यात गैर काही नाही, पण बाईचं ऐकायला हवं होतं.

रविवारी संध्याकाळची कोपरा सभा. समोर दोनशे माणसं, निम्मी मोबाइलमध्ये बघणारी. सोपानराव आकडे सांगत होते आणि टाळी काही पडत नव्हती. तेव्हा त्यांना गेल्याच बुधवारी छापलेलं पत्र आठवलं. चाकणच्या एका कारखान्यात उत्पादन वाढावं म्हणून प्रेस मशीनचा सेन्सर बंद ठेवतात, हात आत असला तरी मशीन थांबत नाही, एवढंच अंकात होतं. लाल पेनानं उडवलेलं सगळं सोपानरावांच्या डोक्यात शाबूत होतं.

"तीन नंबरच्या लाइनवरची माझी एक बहीण," ते ओरडले, "मागच्या सोमवारी तिचा हातमोजा प्रेसनं खाल्ला. बोटं वाचली ती देवाची कृपा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी व्हिडिओ काढला. खाली उतरेपर्यंत सोपानराव खुशीत होते. मग पाणी पिताना त्यांचा हात थांबला. तीन नंबरच्या लाइनवर बायका किती, हे त्यांना ठाऊक होतं. चार.

सोमवारी सकाळी चौघींचेही गेटपास बंद झाले. हातमोजा कुणाचा गेला ते कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून त्यांना कामावर लावणाऱ्या ठेकेदारानं चौघींनाही घरी बसवलं. दुपारी त्या सोपानरावांच्या ऑफिसात आल्या. मागोमाग ठेकेदाराचा सुपरवायझर सुजित आला, पांढरा शर्ट, तोंडात गोड बोलणं.

"काका, राजकारण तुमचं, पोट यांचं," तो म्हणाला. "पत्र कुणाचं तेवढं सांगा. बाकीच्या तिघी शुक्रवारी कामावर."

तिघी रडवेल्या झाल्या होत्या. एकीनं हात जोडले. चौथी शालनबाई. पत्र तिचं होतं. नवरा अंथरुणाला खिळलेला, दोन लेकरं, हे सोपानरावांनी तिच्या घरी चटईवर बसून ऐकलं होतं. तीच सगळ्यांत मोठ्यानं बोलली.

"सांगा की साहेब. कोण हाय ती, सांगून टाका. आमाला का मारताय?"

बोलताना तिची नजर सोपानरावांच्या तोंडावरून हलत नव्हती. पदर तिनं मुठीत इतका आवळला होता, की बोटं पांढरी पडली होती. आपण तिच्याकडे पाहिलं तरी सुजितला कळेल, म्हणून ते भिंतीकडे बघत राहिले. दगडाची भीती ही भीतीच नव्हे, हे त्यांना त्या भिंतीकडे बघताना समजलं.

"पत्र आलंच नव्हतं," ते म्हणाले. "मी रचलं. निवडणुकीसाठी."

सुजित हसला. "मग हे तुमच्या पेपरात छापा. पहिल्या पानावर, तुमच्या सहीनं."

बुधवारी छापलं. बावीस वर्षांत 'हजेरी'नं छापलेलं हे पहिलं खोटं, आणि लोकांनी विश्वास ठेवला तो नेमका याच्यावर. पक्षानं बॅनर उतरवले. तिसऱ्या पानावरची जुनी पत्रंही यानंच रचली असतील, असं चहाच्या टपरीवर बोललं जाऊ लागलं. पुढं मतं पडली तीनशे बारा.

अंक निघाला त्याच आठवड्यात, शुक्रवारी, चौघी कामावर गेल्या. दुपारी चारला कंपनीची बस आली तेव्हा सोपानराव स्टॉपवर थांबले होते. बाकीच्या पुढं गेल्यावर शालनबाई जवळ आली.

"माझ्यापायी खोटं बोललात. उपकार झाले."

"मशीन कुठलं दिलं?"

"तेच. सेन्सर बंदच हाय." ती इकडंतिकडं बघून हळू बोलली. "आता तर कुणी इचारतबी न्हाई. पेपरवाल्यानंच लिवलंय ना, सगळं खोटं हाय म्हणून."

ती पिशवी सावरत निघून गेली.

तेव्हापासून ते रोज चार वाजता स्टॉपवर येतात. शालनबाई उतरताना बसचा दांडा धरते आणि ते लांबूनच तिची बोटं मोजतात.